जुनं सामान, जुने कपडे आणि घरातली हातकामं: तुम्ही काय आणता, त्याचं काय करता, वेळ कसा काढता?

रानजाई (पुणे)

नमस्कार मंडळी. जुन्या वस्तू पुन्हा वापरात आणण्याबद्दल इथे अधूनमधून सुटे प्रश्न येतात आणि चांगली चांगली उत्तरं भलत्याच धाग्यांत अडकून पडतात. म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. शोभेच्या वस्तूंपेक्षा रोज हाताला लागणाऱ्या वस्तूंबद्दल बोलूया: बसायला, पांघरायला, ठेवायला, शिजवायला.

आमच्याकडे दोघांच्याही नोकऱ्या, मुलगी सातवीत, मुलगा पहिलीत, सासूबाई सोबत. त्यामुळे सलग दुपार मोकळी मिळणं अशक्य. तरीही हे काम मला मनापासून आवडतं, आणि ते जमायचं तर वेळेपेक्षा निवड जास्त महत्त्वाची, असं माझं ठाम मत झालं आहे. घरात काय येऊ द्यायचं हे एकदा नीट ठरवलं की अर्धं काम तिथेच होतं. मी जागा आधी ठरवते आणि वस्तू मग शोधते. 'बघू, कशाला तरी उपयोग होईल' म्हणून आणलेली वस्तू माळ्यावर जाते आणि तिथेच राहते.

उदाहरण देते. दाराशी चपला घालायला बसता येईल आणि आत दप्तरं, छत्र्या राहतील असं काहीतरी हवं होतं. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे पत्र्याची जुनी ट्रंक मिळाली, वर मूळ मालकाचं नाव पांढऱ्या रंगात रंगवलेलं. घेण्याआधी मी एक गोष्ट नक्की तपासते: आत अंधारात तोंड घालून झाकण मिटायचं आणि कुठून उजेड येतो ते बघायचं. गंज नुसता वरवर असेल तर निघतो, पण पत्र्याला भोकं पडली असतील तर ती पसरत जातात. बिजागऱ्या शाबूत हव्यात. मग तारेचा ब्रश, पॉलिश कागद, पुसून कोरडी केली की रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा) हात, तो पूर्ण वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात. नाव तेवढं मी ठेवलं आहे, त्याच्याभोवती चिकटपट्टी लावून रंग दिला. वर बसायला जुन्या गादीतला कापूस पिंजून घेऊन छोटी गादी शिवली. हे सगळं तुकड्यातुकड्यांत झालं: एका संध्याकाळी घासणं, दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून झाल्यावर एक हात रंग.

आता माझे दोन प्रश्न. सासूबाईंच्या सुती नऊवारी आणि आईच्या सहावारी साड्या आहेत, वापरून मऊ झालेल्या. त्यांची गोधडी हाताने शिवायची आहे. सुरुवात कशी करायची? आणि एक जुनी सागवानी आरामखुर्ची मिळते आहे, हातांवर हिरवा ऑइल पेंट, बैठक फाटलेली, सांधे हलताहेत. घ्यावी का?


आभाळमाया

फार छान विषय. वाचत राहणार. ट्रंकेवरचं नाव ठेवलंत ते विशेष आवडलं.


शिवणवेडी (सांगली)

रानजाई, गोधडीचं मी सांगते. आमच्याकडे वाकळ म्हणतात. आजी आणि आई दोघींच्या हाताखाली शिकले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम कात्रीचं नाही, उजेडाचं आहे. प्रत्येक साडी खिडकीशी धरून आरपार बघा. निऱ्यांचा खालचा भाग आणि बसताना घासला जाणारा भाग विरलेला दिसेल, पदर बहुधा धड असतो. विरलेलं कापड टाकू नका, ते मधल्या थरात घालायचं. धड भाग वर आणि खाली. सगळ्या साड्या पुन्हा एकदा धुऊन, खळ काढून घ्या. नवं कापड जुन्याबरोबर घालायचा मोह होतो, पण नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि जुनं आटत नाही, मग गोधडीला चुण्या पडतात. अस्तराला नवं घ्यायचंच असेल तर आधी एकदोनदा धुऊन घ्या.

नायलॉन, टेरिलीन, जॉर्जेट त्यात मिसळू नका. थर एकमेकांवरून सरकतात, टाका धरत नाही, आणि घाम शोषला जात नाही. गोधडीचं सगळं सुख सुती कापडात आहे.

माप बघा. नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. चार घड्या घातल्यात की दोन मीटर लांब आणि साडीच्या पन्ह्याएवढी रुंद अशी चार पदरी गोधडी एका साडीतच होते. लहान मुलाला किंवा एका माणसाला उन्हाळ्यात अंगावर घ्यायला हीच उत्तम. पहिली गोधडी अशीच करा, कारण जोड देण्याचं काम वाचतं. थंडीची हवी असेल तर सहा-सात पदर घ्या. त्याहून जाड केलीत तर सुई ओढताना बोटं सोलतात आणि धुतल्यावर पिळता येत नाही.

जमिनीवर स्वच्छ चटई, त्यावर खालचा पदर ताणून पसरा. चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. आमच्याकडे वरवंटा आणि पाण्याने भरलेले तांबे असत. एकेक थर टाकताना हाताने मधून कडेकडे सारवल्यासारखं फिरवायचं, म्हणजे चुण्या बाहेर जातात. मग मोठमोठे कच्चे टाके, वीतभर अंतरावर, मधून कडेला. हे कच्चे टाके पडेपर्यंत गोधडी उचलायची नाही. एवढं एक काम एका बैठकीत करावं लागतं, त्यासाठी रविवारची सकाळ राखून ठेवा. पुढचं सगळं मांडीवर घेऊन, पाहिजे तेव्हा.

कडा आत दुमडून आधी चारी बाजूंनी धावदोरा घाला. मग बोटभर अंतर सोडून त्याला समांतर दुसरी ओळ, तिसरी ओळ, असं चौकोनात फिरत मध्यापर्यंत. दोरा शिवणाच्या रिळाचा घेऊ नका, बारीक असतो आणि जुनं कापड कापतो. गोधडीचा जाड सुती दोरा मागा, आणि हातभर लांबीचाच ओवा. लांब ओवला की गुंततो. सुई लांब, मोठ्या नेढ्याची. मधल्या बोटात अंगुस्तान घाला.

टाके एकसारखे यायलाच हवेत असं मनावर घेऊ नका. आमच्या घरातल्या गोधडीवर आईचे टाके कुठले आणि आजीचे कुठले हे हात फिरवला की कळतं.


डोंबिवलीकर

माहिती उत्तम, पण एक शंका मांडतो. मी रोज लोकलने जातो-येतो, घर लहान. अशा घरात 'हे नंतर करू' म्हणून ठेवलेल्या वस्तू माणसांची जागा खातात. दुसरं म्हणजे पैसा. प्रायमर, रंग, पॉलिश कागद, ब्रश, गोंद हे सगळं एका खुर्चीसाठी विकत आणलं तर नव्या प्लास्टिकच्या खुर्चीएवढा खर्च सहज होतो. मग काटकसर कुठली?

माझ्यापुरतं उत्तर असं की ज्याला नवं काहीच विकत आणावं लागत नाही ते काम आधी. खिडकीच्या जाळीत माझी पूर्ण बाग अशाच गोष्टींची आहे. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आडवा ठेवून वरची बाजू कापली की मेथी-कोथिंबिरीची कुंडी होते. कापलेली कड पकडीने आत दुमडून ठोकायची, नाहीतर हात कापतो. तळाला खिळ्याने भोकं, आणि खाली दोन विटा, म्हणजे पाणी साचून पत्रा सडत नाही. दुधाच्या पिशव्या कोपरा न तोडता आडवा काप देऊन उघडायच्या (तोडलेले छोटे तुकडे गोळा होत नाहीत, गटारात जातात), धुऊन, तळाला भोकं पाडून त्यात रोपं करायची. मिरची, तुळस, झेंडू मस्त येतात. मुलगा आणि मी आठवड्याच्या पिशव्या जमवून एकदम लावतो.


रानजाई

डोंबिवलीकर, खर्चाचा मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच मी लोखंड आणि लाकूड सोडून फारसं काही विकत आणत नाही. ट्रंकेला लागलेला रेड ऑक्साइड उरला, त्यातच खिडकीचे गज झाले. रंगाचा डबा एका वस्तूसाठी आणला तर महाग, चार वस्तू हातात असताना आणला तर परवडतो. तुलनाही एकाच गोष्टीशी करायला नको. सागवानी खुर्ची नीट केली तर माझी नातवंडं बसतील. प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय उन्हात राहून काही वर्षांत चिरतो.

शिवणवेडी, इतकं मनापासून लिहिलंत. नऊवारीच्या चार घड्यांचं गणित सासूबाईंना सांगितलं, त्या लगेच कपाट उघडून बसल्या.


सागवान (नाशिक)

रानजाई, त्या खुर्चीबद्दल. घेण्याआधी उलटी करा. सगळं खरं खालच्या बाजूला दिसतं, कारण तिथे कुणी रंग देत नाही.

सागवान असेल तर खालच्या कोऱ्या भागावर रेषा सोनेरी-तपकिरी दिसतील, हाताला किंचित तेलकट लागेल. पॉलिश कागदाने नखाएवढी जागा घासलीत तर चामड्यासारखा वास येतो. मग भोकं बघा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर भुंगा लागून गेला आहे किंवा अजून आहे. हे ओळखायला खुर्ची पांढऱ्या कागदावर ठेवा आणि हळूच ठोका. पिठासारखी भुकटी दोन-चार दिवस सारखी पडत राहिली तर किडा जिवंत आहे. पडली नाही तर जुनी भोकं आहेत, भीती नाही. सागाच्या गाभ्याला किडा सहसा लागत नाही, कडेच्या फिकट पांढरट लाकडाला लागतो. म्हणून भोकं फक्त फिकट पट्ट्यात असतील तर खुर्ची अजून दणकट असू शकते. वाळवी वेगळी, तिचे मातीचे बोगदे दिसतात, आणि लाकूड आतून पोकळ वाजतं. तशी असेल तर सोडून द्या.

आता हिरव्या रंगाबद्दल, आणि हे इथे लहान मुलं असलेल्या सगळ्यांसाठी लिहितो. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच, आणि पिवळा, हिरवा, लाल, केशरी या रंगांत ती अधिक. असा रंग कोरडा घासला की जी धूळ उडते ती मुलांसाठी फार वाईट. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासू नका, जाळू नका, आणि मशीनने तर नाहीच. वॉटर पेपर घ्या, पाणी शिंपडत ओलाच घासा, निघालेला चिखल ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाका. काम गच्चीवर किंवा अंगणात करा, मुलं आसपास नकोत, तोंडाला चांगला मास्क, आणि झाल्यावर कपडे वेगळे धुवा. रंग घट्ट असेल, पापुद्रे निघत नसतील, तर काढूच नका. हलका ओला हात मारून प्राइमर आणि नवा रंग त्यावरच द्या. फक्त खुर्चीच्या हाताला मुलं तोंड लावण्याच्या वयाची असतील तर मात्र ती घरात आणू नये, असं मी म्हणेन.


आभाळमाया

सागवानकाका, हे कुणीच सांगत नाही. माझ्या आईकडच्या पाळण्यावर असाच जाड पिवळा रंग आहे. बाळासाठी तो काढून नवा द्यायचा बेत होता. आता काय करू?


सागवान

ताई, पाळण्याच्या बाबतीत धोका पत्करू नका. दात येताना बाळ कठड्याला तोंड लावतंच. पूर्ण रंग माहितगार माणसाकडून, घरापासून दूर, रसायन लावून काढून घ्यायचा किंवा पाळणा आठवण म्हणून वर ठेवायचा. वरून नवा रंग देऊन दात लागणाऱ्या जागी भरवसा ठेवता येत नाही.


जर्सीकर (न्यू जर्सी)

पाळण्याचा विषय निघाला म्हणून इकडचं सांगते. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत शनिवारी गराज सेल लागतात, म्हणजे लोक घरातलं जुनं सामान दारात मांडून विकतात. देशी घरांत नवं बाळ आलं की सगळं तिथूनच जमवायचा उत्साह असतो. कपडे, लाकडी ठोकळे, पुस्तकं, उंच खुर्ची खुशाल घ्या. पण ज्याची एक बाजू खाली सरकते असा जुना पाळणा घेऊ नका. त्या सरकत्या बाजूत अडकून बाळं दगावली आहेत, आणि जून २०११ पासून अमेरिकेत असे पाळणे विकायला बंदी आहे. घरगुती विक्रीत ते अजूनही दिसतात. गाडीतली मुलांची सीटही अनोळखी माणसाकडून जुनी घेत नाही, कारण ती एखाद्या अपघातातून गेली असेल तर बाहेरून कळत नाही.

लाकडी फर्निचर मी रस्त्याच्या कडेला ठेवलेलंसुद्धा आणते, पण गादी, सोफा, कापडी काही नाही. ढेकूण. स्क्रूच्या खाचा, ड्रॉवरचे कोपरे, पाठीमागचे सांधे टॉर्चने बघायचे, काळे बारीक ठिपके दिसले की तिथेच सोडायचं.


शिवणवेडी

ढेकणांचं अगदी खरं. बाजारातून जुनं कापड आणलं तर ते घरात पसरायच्या आधी कडकडीत गरम पाण्यात, साठ अंशांच्या वर, धुऊन कडक उन्हात. माझ्या सासूबाईंचा बाहेरच्या जुन्या अंथरूण-पांघरुणाला पूर्ण विरोध आहे. मी तो मानते. घरच्या माणसांचे कपडे कितीही वापरावेत, अंगाला लागणारं परकं जुनं घरात आणू नये, ही त्यांची रीत आहे आणि तिच्यात शहाणपण आहे.


रानजाई

आमच्याकडेही हाच प्रश्न निघाला होता. सासूबाईंशी बोलून आम्ही ठरवलं: लाकूड, धातू, काच, चिनीमाती बाहेरून चालेल, कापड फक्त आपल्या माणसांचं. एकदा असं ठरल्यावर बाजारात गेल्यावरही मन भरकटत नाही, आणि घरात वाद होत नाहीत.

काका, खुर्ची उलटी करून बघितली. साग आहे, भुकटी नाही. मुलगा पहिलीत आहे, चघळायचं वय गेलं. घेतली! आता हलणाऱ्या सांध्यांचं सांगा. शेजारी म्हणतात खिळे ठोका.


सागवान

खिळे अजिबात ठोकू नका. जुन्या खुर्चीत एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं असतं आणि मध्ये सरस असतो. खिळा त्या टोकालाच चिरतो, मग सांधा कायमचा गेला.

जुना सरस जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला असतो, तो गरम पाण्याने सुटतो. फडकं गरम पाण्यात बुडवून सांध्याभोवती गुंडाळा, थोडा वेळ थांबा, मग लाकडी हातोडीने किंवा हातोडीवर कापड गुंडाळून हलकेच ठोकत सांधा वेगळा करा. सुटण्याआधी प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी लावून आकडे लिहा, डावा-उजवा सारखाच दिसतो. खाचेतला जुना सरस पूर्ण खरवडा, त्यावर नवा चिकटत नाही. लाकूड वाळू द्या. मग फेविकॉल दोन्ही बाजूंना लावून बसवा. शिकंजा नसेल तर सुती दोरी सांध्याभोवती दोन वेढे घेऊन बांधा, वेढ्यांत काठी घालून पीळ द्या आणि ती काठी तशीच अडकवून ठेवा. कोपऱ्यांना दोरीचा वळ पडू नये म्हणून खाली पुठ्ठा. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर तिथे पॉलिश धरणार नाही. एक दिवस आणि रात्र हलवू नका.

खुर्ची सपाट जमिनीवर ठेवूनच आवळा. चारही पाय टेकलेले हवेत.

पॉलिशचं: ज्या भागावर रंग नाही तिथे लपलेल्या जागी कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. ते काढायची गरज नाही. स्पिरिटमध्ये विरघळवलेला पातळ चपडा मऊ सुती कापडात कापसाची पुरचुंडी करून गोल गोल फिरवत लावला की जुनं-नवं एक होतं. पावसाळ्यात करू नका, हवेतल्या दमटपणाने वर पांढुरकी छटा येते. दसऱ्यानंतर उत्तम.

काही जण अळशीचं तेल लावतात, तेही चांगलं. पण एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. अळशीच्या तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, गोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर मोकळं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.


मडगावची

गोधडीवर आणखी थोडं. आमच्या शेजारी, उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बाया कवंदी शिवतात. हे लोक मूळचे आफ्रिकेतले, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते आणि तिथून निसटून रानात स्थिरावले. कवंदीत जुन्या कपड्यांचे लहान-मोठे तुकडे एका कोपऱ्यापासून लावत, कडेकडेने फिरत आत येतात. आधी तुकडे जोडून मग अस्तर असं नसतं, जोडणं आणि टाके घालणं एकदमच. शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात.

हे सांगण्याचं कारण, ही रीत वेळ नसलेल्या बाईसाठी फार सोयीची आहे. आधी सगळं बेतून कापून ठेवावं लागत नाही. मुलांचे फाटलेले शाळेचे शर्ट, बाबांची लुंगी, जे हाताला येईल ते पुढे लावत जायचं.


शिवणवेडी

मडगावची, कोपऱ्यांची फुलं आमच्या वाकळीलाही लावतात! कुणी शिकवलं कुणाला, कोण जाणे. मला हे वाचून खूप आनंद झाला.


निरगुडी (औरंगाबाद, आता संभाजीनगर)

माझा प्रश्न जरीच्या साड्यांचा. आजीच्या दोन रेशमी साड्या आहेत, घडीवर चिरल्या आहेत. फोनवर माणसं विचारतात, जुनी जरी विकायची का. विकाव्या की काही करावं?


शिवणवेडी

निरगुडी, जुन्या जरीत चांदीची तार असू शकते, म्हणून घेणारे फिरतात. ते ती वितळवून चांदी काढतात. साडी कायमची जाते. विकायचीच असेल तर चार ठिकाणी भाव विचारून, जरी तपासून मग द्या, दारावरच्या पहिल्या माणसाला नाही.

पण आधी काठ आणि पदर बघा. रेशीम घडीवर चिरतं, काठ मात्र दाट विणलेला असतो, तो बहुधा साबूत राहतो. काठ उसवून सुती परकराला, ब्लाउजच्या बाह्यांना, पडद्याला लावता येतो. कापताना काठाबरोबर साडीचं दोन बोटं कापड ठेवा, शिवायला धार मिळते. मागून मलमल लावून घ्या. पदराची चौकट भिंतीवर लावायची असेल तर थेट उन्हात नको. आणि उरलेल्या साड्या ठेवताना वर्षातून दोनदा घडी बदला, चिरण्याचं कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षं पडलेला ताण आहे.


डोंबिवलीकर

भांड्यांबद्दल कुणी काही लिहिलं नाही. आईची पितळी पातेली आणि एक मोठं भांडं माळ्यावर पडून होतं. बोहारीण आली की कपडे देऊन स्टीलचं भांडं घ्यायच्या नादात अशी पितळं कित्येक घरांतून गेली. आम्ही ती परत वापरात आणली. वरण आणि भात पितळेत शिजवल्यावर मुलं दोन घास जास्त खातात.


मडगावची

डोंबिवलीकर, कल्हई केली ना? बिनकल्हईच्या पितळेत आंबट कधीच नको. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो, सगळं पितळेशी लागतं आणि कळकतं. कल्हईवाल्याकडून शुद्ध कथील लावून घ्या, शिसं मिसळलेलं नको, हे आधी बोलून घ्या. कल्हई झालेलं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, कथील २३२ अंशांनाच वितळतं. फोडणीसाठी लोखंडी कढई वेगळी ठेवा. तारेच्या काथ्याने घासू नका. आत पिवळं पितळ डोकावायला लागलं की कल्हईची वेळ झाली असं समजायचं.


जर्सीकर

मुलांना यात कसं ओढता? माझी दोघं आठ आणि अकरा वर्षांची. स्क्रीनवरून उठवणं अवघड.


रानजाई

जर्सीकर, मी त्यांना खरंच लागणारं काम देते, खोटं काम ती लगेच ओळखतात. जुन्या शर्टांची बटणं उसवून रंगांप्रमाणे बरण्यांत लावणं लेकाचं. बरण्यांवरची लेबलं गरम पाण्यात भिजवून काढायची, उरलेला गोंद गोडेतेल आणि खायचा सोडा यांच्या लगद्याने घासला की निघतो, हेही तोच करतो. लेक मशीन चालवते. जीनच्या पायाची कंपासपेटी ठेवायची पिशवी तिने स्वतः शिवली. जीनला सोळा किंवा अठरा नंबरची सुई लागते, साध्या चौदाने मोडते. जिथे शिवणी एकमेकांवर येतात तिथे आधी हातोडीने ठोकून सपाट करायचं, मग मशीन अडत नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर घरातले जुने पडदे कापून भाजीच्या पिशव्या तिच्याकडूनच करून घेतल्या. तळ चौकोनी यायला खालचे दोन्ही कोपरे चिमटीत धरून त्रिकोण करायचा आणि त्यावर आडवी शिवण मारायची, एवढं एक दाखवलं आणि बाकी तिने केलं.

वेळेचं विचाराल तर एक टोपली आहे, हॉलमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी. तिच्यात एकाच वेळी एकच काम, सुई ओवलेली, दोरा लागेल तेवढा. अभ्यास घेताना, कुकरच्या शिट्ट्या होताना, फोनवर बोलताना हात टोपलीत जातो. ते काम संपल्याशिवाय दुसरं टोपलीत येत नाही. सध्या सासूबाई आणि मी दोन बाजूंनी गोधडीवर आहोत.

काका, सांधे घट्ट बसले. आता बैठकीचं काय करू? वेत विणणारे इथे सापडत नाहीत.


सागवान

वेत स्वतः विणायचा असेल तर अर्धा तास पाण्यात भिजवून ओलाच विणावा लागतो, वाळला की ताणला जातो. पण पहिल्यांदा करताना नवार सोपी. खाटेला लावतात ती सुती पट्टी, दोऱ्या-काथ्याच्या दुकानात मिळते. आधी आडव्या पट्ट्या ताणून मागच्या बाजूला पक्क्या करा, मग उभ्या पट्ट्या एक वर एक खाली घालत चला. दोन माणसं लागतात, एकाने ओढायचं, दुसऱ्याने ठोकायचं. पितळी डोक्याचे बुटके खिळे घ्या, आणि पट्टीचं टोक दुहेरी दुमडून मगच ठोका, एकेरी कापड खिळ्याशी फाटतं.

आरामखुर्चीला झोळ हवा असतो, म्हणून पाठीकडे पट्टी थोडी सैल सोडा. बसून बघा, कंबर टेकली पाहिजे, आणि मगच शेवटचे खिळे.


निरगुडी

नवारीऐवजी साडीच्या पिळलेल्या दोरीने विणली तर चालेल का? माझ्याकडे नायलॉनच्या साड्या भरपूर आहेत, गोधडीत घालू नका म्हणालात त्याच.


सागवान

स्टुलाला, बाजेला चालेल, आणि नायलॉन तिथे सुतीपेक्षा टिकतं. साडी उभी फाडून चार बोटं रुंद पट्ट्या करा, तीन पट्ट्यांची वेणी किंवा दोन पट्ट्यांना उलटसुलट पीळ. मात्र नायलॉन ताणतं, म्हणून विणून झाल्यावर दोनचार दिवस वजन ठेवा आणि पुन्हा एकदा आवळून घ्या. आरामखुर्चीला नको, पाठीला वळ उठतात.